चेरीचे देठ

कोल्हापूर,
रविवार, ६ जुलै

आदरणीय क्रांतीताईस,

धाकट्या भावाचा सविनय जयभीम, दाजींना वेगळा जयभीम, आणि ज्यांच्या बागेतली चेरी होती त्या तुमच्या शेजारच्या नेगीबाबूंना नमस्कार. (त्यांना नमस्कार फक्त सांग, पत्र वाचून दाखवू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? हिमाचलातल्या त्या चढावरून रोज शाळेत शिकवायला जाणं सोपं नाही, तेव्हा काठी घ्यायला लाजू नकोस. दाजींचा खोकला थांबला का? धरणाच्या बोगद्यात उतरताना ते मफलर बांधत नाहीत असं आईला का कोण जाणे वाटतंय, आणि तिनं ते मला चारदा लिहायला सांगितलंय, म्हणून लिहिलं. इकडे तुझी भावजय सोनम ठीक, घर ठीक, स्कूटर ठीक नाही, आणि मी कसा आहे ते पत्र संपल्यावर तूच ठरव.

टपालानं आलेलं पाकीट बघून तू दचकली असशील, म्हणून आधीच सांगतो की सगळे जागच्या जागी आहेत. फोन सोडून कागद घ्यायचं कारण असं की फोनवर बोलताना आई शेजारच्याच कॉटवर असते, आणि तू पहिल्याच वाक्याला हसतेस. तू हसलीस की मी खोटं बोलायला लागतो, ही माझी सवय तुला पाळण्यापासून माहीत आहे. या वेळी खरं सांगायचंय. विषय चेरीचा आहे, आणि चूक पूर्णपणे माझी आहे. (थोडी धोंडुबाईची आहे, पण तिला चूक केली हे अजून मान्य नाही, त्यामुळे तिचा वाटाही माझ्याच नावावर धर.)

सगळं पहिल्यापासून सांगतो, म्हणजे कुणाचा दोष कुठे सुरू झाला ते कळेल. आई मे महिन्यात तापातून उठली ती तोंडाची चव घालवूनच. त्यातून सावरते तोवर पित्ताच्या खड्यांचं निघालं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तेल बंद केलं, तिखट बंद केलं, आणि फळंसुद्धा एक जुलैनंतरच द्या म्हणाले. आता जिनं उभा जन्म मिरचीत काढला तिला मऊ भात आणि मुगाचं पाणी. दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची. विचारलं तर म्हणायची, कापूस चघळल्यागत लागतंय. सोनमनं तिच्या झंपरांना दोनदा टीप घातली तरी ते खांद्यावरून उतरायचे. ताई, मी वरून थट्टा करत होतो पण आतून घाबरलो होतो. तिच्या मनगटाकडे बघवत नव्हतं. आणि अशात दवाखान्यात तुझा फोन आला तेव्हा ती म्हणाली की क्रांतीकडं गेल्या उन्हाळ्यात खाल्लेली ती लाल फळं तेवढी बरी होती. महिनाभरात तिनं कशाला तरी बरं म्हटलं ते हे एकच. तू लगेच चार किलो चेरी उतरवून घेतलीस, सुट्टीवर निघालेल्या कागलच्या सुभेदारांच्या मांडीवर ती पेटी ठेवलीस, आणि मला विचारलंस की एक तारखेपर्यंत टिकतील का रे.

इथे माझं पहिलं पाप. टिकतील का, असं विचारल्यावर साध्या माणसानं म्हटलं असतं की बघतो. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, ताई, तू कुणाशी बोलतेस? सतरा वर्षं कोल्ड स्टोअरेजमध्ये सुपरवायझर आहे मी. शिरोली एमआयडीसीच्या अलीकडे उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या इमारतीत थंडी माझ्या हुकमानं पडते. चार हजार पोती मिरची आणि गुळाच्या ढेपांचे डोंगर मी वर्ष वर्ष जसेच्या तसे ठेवतो. नुसती टिकवणार नाही, चवीसकट टिकवीन, आत्ता झाडावरून उतरवल्यासारखी. एवढं बोलून मी फोन ठेवला आणि चेरी म्हणजे नेमकी केवढी असते ते मोबाईलवर बघितलं. (मी आजवर केकवरची पाहिली होती. ती चेरी नसते, साखरेत मुरवलेलं करवंद असतं, हेही त्याच दिवशी कळलं.)

कागलला पेटी आणायला गेलतो तेव्हा पाऊस होता. सुभेदार मोठा शिस्तीचा माणूस. दोन रात्री रेल्वेत पेटीभोवती बर्फाच्या पिशव्या बदलत आला, आणि माझ्या हातात देताना पेटी अशी दिली की मी सलाम ठोकायचाच बाकी राहिला. वर एक चिठ्ठी दिली, नेगीबाबूंनी हिंदीत लिहिलेली, चेरी कशी ठेवायची त्याची. मी ती आदरानं खिशात घातली आणि वाचली नाही. ज्यानं चार हजार पोती सांभाळली त्याला चार किलोची चिठ्ठी कोण वाचायला लावणार? येताना हायवेवर स्कूटर बंद पडली. मी पेटीवर माझा रेनकोट घातला, स्वतः भिजलो, आणि स्कूटर ढकलत गोकुळ शिरगावपर्यंत आलो. रस्त्यावरच्या एका पावण्यानं विचारलं की देव हाय काय पेटीत. मी म्हणालो, आईचं औषध हाय.

खिशातली चिठ्ठी अर्थातच भिजली. वाळवून उघडली तर निम्मी शाई उतरलेली, पण तीन ओळी वाचता आल्या. धुवायची नाही. देठ काढायचा नाही, कारण देठ निघाला की फळातून रस गळतो आणि त्याच तोंडातून चव जाते. आणि शून्य अंशाच्या आसपास, दमट हवेत ठेवायची, कोरड्या नाही. आता आमच्याकडे सगळा कारभार कोरड्याचा. मिरचीला ओल लागली की बुरशी, म्हणून आम्ही जन्मभर हवेतून पाणी काढायला शिकलो. गुळाच्या खोलीत ठेवावी तर गुळाचा वास लागणार. मग पाच नंबरची छोटी खोली आठवली, जिथं पूर्वी मटार ठेवायचे आणि आता मोडक्या खुर्च्या ठेवतात. खुर्च्या बाहेर काढल्या, खोली धुतली, मशीन लावलं, काटा शून्यावर आणला, दमटपणासाठी कोपऱ्यात पाण्याच्या दोन बादल्या आणि भिंतीवर ओली पोती लावली. मालकांनी विचारलं हे काय चाललंय, तर मी म्हणालो संशोधन. मालक खूश झाले आणि दोन दिवसांनी आणखी दोन बादल्या स्वतः पाठवल्या. इथवर माझं सगळं बरोबर होतं, हे कृपा करून लक्षात ठेव, कारण यापुढे बरोबर असं काही येणार नाही.

आता फोटोंचं कबूल करतो. रोज सकाळी तुला जे ताज्या चेरीचे फोटो यायचे, चेरी दिवस सात, चेरी दिवस बारा, असे, ते सगळे मी दुसऱ्याच दिवशी एकदम काढून ठेवले होते. वीस फोटो, वीस कोनांतून. रोज मोबाईल घेऊन त्या गारठ्यात जायचं म्हणजे बोटं आखडतात आणि चष्म्यावर वाफ धरते. तू दिवस सतराच्या फोटोवर लिहिलंस की दिवसेंदिवस टवटवीत होतायत की रे. मी त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्या क्षणी मला माझी थोडी लाज वाटली, पण फार वेळ नाही.

फोटो काढत नव्हतो याचा अर्थ खोलीत जात नव्हतो असं नाही. जात होतो, रोज जात होतो, आणि तिथंच माझं दुसरं पाप झालं. चव टिकली आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही, त्यासाठी चव घ्यावी लागते. पहिल्या दिवशी मी एक खाल्ली. ताई, तुझ्या डोंगरावरची ती गोष्टच वेगळी. आधी गोड, मग जिभेच्या कडेला जरा आंबट, आणि मागून बदामाच्या सालीसारखं काहीतरी कडवट. मी म्हणालो, हे आईच्या तोंडात असंच पोचलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी तुलना करायची म्हणून दोन खाल्ल्या. मग वाटलं, आपलीच जीभ फसवत असेल, म्हणून मशीनवरच्या ऑपरेटरला एक दिली. त्याला नक्की सांगता येईना, म्हणून त्यानं तीन घेतल्या. मग मालक संशोधन बघायला आले, त्यांनी मूठभर घेतल्या आणि प्रगती चांगली आहे म्हणाले. अठराव्या दिवशी मी पेटी उचलली तर ती वाऱ्यानं उडेल इतकी हलकी लागली. काट्यावर ठेवली. चार किलोतली अकराशे ग्रॅम उरली होती. चव मात्र शेवटच्या दाण्यापर्यंत टिकली होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण बाकीचे जवळजवळ सगळे दाणे मी तपासले होते.

आता धोंडुबाईकडे यायला हवं. तुला ती आठवते का, आईबरोबर मार्केट यार्डात मिरचीचे देठ खुडायची ती? उंच, घाऱ्या डोळ्यांची, आणि आईशी रोज भांडणारी. आता ती आमच्याकडे असते, सात बायकांची टोळी घेऊन. कोल्हापुरात देठासकट मिरची कुणी चटणीला घेत नाही, म्हणून पोतं थंडीतून निघालं की आधी या बायकांपुढे ओतायचं. पडवीत पोत्यांवर बसतात, नाकाला पदर बांधतात, आणि दोन्ही हातांनी खुडत जातात. मिरचीकडे बघतसुद्धा नाहीत. बोलतात, हसतात, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढतात, आणि हात आपले चालू. आपली आई तीस वर्षं हेच करत होती. त्यातनंच तुझं डीएड झालं आणि माझं आयटीआय.

तुला आठवतंय ना, आई संध्याकाळी यायची ती पदराला केळी बांधून? राखेनं हात घासायची, मग साबणानं, मग पुन्हा राखेनं. कितीही घासलं तरी बोटांत ते राहायचंच. सोलून भरवलेलं केळं ओठांना झोंबायचं आणि आपण दोघं मिटक्या मारत खायचो. मी तर चौथीपर्यंत केळं हे तिखट फळ आहे असंच धरून चाललो होतो. गुरुजींनी वर्गात तिखट पदार्थ विचारले तेव्हा मी उभा राहून केळं म्हणालो, आणि सगळा वर्ग हसला तरी खाली बसलो नाही. गुरुजींनी बाकावर उभं केलं. तिथूनही मी केळंच म्हणत होतो. घरी येऊन सांगितलं तर तू हसून हसून लोळलीस. दुसऱ्या दिवसापासून काही दिवस आई आपल्याला केळं सोलून द्यायची नाही, हातात तसंच द्यायची. असो. कुठून कुठे गेलो.

तर तीस जून. दुसऱ्या दिवशी आईला फळ सुरू करायचं होतं. मी कुठंतरी वाचलं होतं की थंडीतलं फळ एकदम बाहेर काढलं तर त्याला घाम फुटतो आणि चव उतरते, म्हणून पायरीपायरीनं बाहेर आणावं. (हे खरं आहे. माझं दुर्दैव असं की माझ्या आयुष्यातल्या सगळ्या चुका खऱ्या माहितीवर उभ्या असतात.) म्हणून मी पाच नंबरमधून उरलेल्या चेरीचा क्रेट काढला, अर्धा तास आतल्या बोळात ठेवला, आणि मग पडवीत आणून एका कोपऱ्यात खाली ठेवला. शेजारी बायका होत्या. तेवढ्यात गुळाचा ट्रक लागला, मी वजन बघायला गेलो, ट्रकवाल्याशी ताडपत्रीवरून वाद झाला, आणि परत यायला पाऊण तास लागला.

आलो तर क्रेट रिकामा. पोत्यावर एका बाजूला चेरीची रास, दुसऱ्या बाजूला देठांची रास, मधली जागा झाडून स्वच्छ. सातही बायका पुढच्या मिरचीला लागलेल्या. मी धोंडुबाईला विचारलं की हे काय केलंस. तिला माझा प्रश्नच कळेना. लाल दिसलं, देठ दिसला, खुडलं, त्यात विचारायचं काय, असं तिचं म्हणणं. गेल्या साली एका व्यापाऱ्यानं दक्षिणेकडून बोरासारखी गोल मिरची आणलेली, तीही यांनीच खुडलेली, तेव्हा ही तीच, फक्त ओली आली, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. उलट ती मलाच जवळ बोलावून, मालकाच्या कानावर जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "तुला फसीवलं रं प्रसन्या. एक दाताखाली धरून बघिटली मी. तिखटाचा पत्त्या न्हाय मालात, नुसती गोडमिट्ट हाय."

मी क्रेटवर बसलो आणि सांगितलं की ही मिरची नव्हे, हे फळ आहे, आईसाठी क्रांतीताईनं हिमाचलातून पाठवलंय, आई महिनाभर जेवली नाही. धोंडुबाईचा हात थांबला. तिचा हात थांबलेला मी सतरा वर्षांत पहिल्यांदा बघितला. चिमणी जेवत न्हाय? आईचं नाव घेऊन एवढंच म्हणाली. मग काय झालं, तिनं उठून आपल्या पिण्याच्या पाण्याची कळशी उचलली आणि मी नको नको म्हणेपर्यंत सगळी त्या चेरीवर ओतली, हाताचं तिखट लागलं असेल ते निघून जावं म्हणून. म्हणजे चिठ्ठीतल्या वाचता आलेल्या तीन ओळींपैकी दोन एकाच तासात निकालात निघाल्या. आणि मिरचीचं तिखट नुसत्या पाण्यानं जात नाही, हे आपल्या दोघांइतकं कुणाला माहीत असणार? मी एक तोंडात टाकली. आधी गोड, मग आंबट, मग कडवट, आणि मग ओठांवर आग. तीन आठवडे सांभाळलेली चव सगळी तिथंच होती, फक्त तिच्यावर जवारी मिरची बसली होती.

पुढं काय करावं ते मला कळेना. टाकून द्याव्यात तर आई उद्याची वाट बघत होती. निदान मी असं धरून चाललो होतो. बाजारातून दुसरं फळ न्यावं तर ती विचारणार, क्रांतीची कुठं गेली. रसात लडबडलेल्या अडीचशे ग्रॅम मी बाजूला काढल्या, उरलेल्या फडक्यात गुंडाळून घरी आणल्या, आणि त्यातल्या त्यात कमी तिखट कोणत्या ते शोधायला बसलो. (हो, खाऊन. दुसरा उपाय मला आजवर सुचलेला नाही.) सोनम म्हणाली, सरळ आईंना सांगून टाका. मी म्हणालो सकाळी सांगतो.

सकाळी आईला उशीला टेकवून बसवलं, वाटीत दहा-बारा चेरी घेतल्या, आणि काय सांगायचं ते पाठ करत तिच्यापुढं बसलो. तिनं माझ्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, आणि एक उचलली. तोंडात घालायच्या आधी डोळ्यांजवळ नेली. देठाच्या जागी भोक पडलं होतं, कडेनं साल फाटलेली. तिनं ती उलटी केली, सुलटी केली. आणि आजारात बसलेला तिचा आवाज एकदम पहिल्यासारखा खणखणीत लागला.

"धोंडीनं खुडलीया ही. चिमटीत धरून मोडायचं सोडून वढती. तीस वर्सं सांगितलं, अजून ईना."

मग तोंडात टाकली. तिनं चावली, थांबली, जीभ टाळ्याला लावली. नाकाचा शेंडा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. मी पाण्याचा तांब्या उचलला तर तिनं हातानंच तो बाजूला सारला आणि म्हणाली, जवारी मिरची हाय, पर औंदाची न्हाय, जुनी हाय. आणि दुसरी उचलली. ताई, बघता बघता वाटी संपली. मग तिनं सोनमला हाक मारून भाकरी मागितली. भात नको, भाकरी. आणि धोंडीला बोलवा म्हणाली, तिच्याशी बोलायचंय. धोंडुबाई संध्याकाळी आली ती रडतच, पण आईनं तिला रडू दिलं नाही, सरळ देठ खुडण्यावरून घेतली. दोघी दोन तास भांडल्या. त्या भांडणात आईनं सव्वा भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, आणि तिचं तिलाच कळलं नाही. कालपर्यंत ती रोज वाटीभर चेरी आणि दोन वेळा भाकरी खात आलीय. झंपर अजून सैल आहे, पण आवाज सोनमला शेजारच्या घरात ऐकू जातो.

डॉक्टरांचं राहिलं. शुक्रवारी तपासणीला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, खातात का? मी म्हणालो, फळं खाते, चेरी. ते म्हणाले की आईसाठी एवढं करणारी मुलं आता दिसत नाहीत. मी ते कौतुक घेतलं, आभार मानले आणि दारापर्यंत गेलो. मग परत फिरून सगळं सांगितलं. ते चष्मा काढून हसले, पोट दाबून बघितलं, आणि सोमवारपर्यंत दम धरा, मग चटणी हळूहळू सुरू करा म्हणाले.

त्या पहिल्या सकाळी वाटीत शेवटची एक उरली होती. आईनं ती मला धर म्हणून स्वतःच्या हातानं तोंडात घातली, लहानपणी घालायची तशी. मी म्हणालो, केळं. ती म्हणाली, काय बडबडतोस. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं. सोनमला सांगितलं तिखट लागलं. ताई, मला रडायला आलं होतं.

हे सगळं वाचून तुझा माझ्यावरचा राग उतरला असेल असं मी धरून चालतो. नसेल तर मफलरचा निरोप पोचवलास की उतरेल.

तुझा आज्ञाधारक (फक्त पत्रात) भाऊ,
प्रसेनजीत

ता.क. १ : पत्राचं खरं काम आता लिहितो. चेरी काल संपली. सुभेदारांचे पुतणे पंधरा तारखेच्या आसपास सुट्टीवर निघतायत असं कळलं. वरच्या बागेतली उशिराची चेरी अजून असेल, तर चार किलो त्यांच्याबरोबर पाठव. आईला आता तिचीच गोडी लागलीय. देठासकट पाठव, खुडायची सोय इथं आहे.

ता.क. २ : आठ किलो पाठवलीस तर बरं, कारण तपासणीत काही जाते.

ता.क. ३ : (हे अक्षर सोनमचं आहे, सांगणारी आई आहे. पाकीट चिकटवायच्या आधी पत्र वाचून दाखव म्हणून हटून बसली.)

क्रांते, जयभीम. ह्यानं येवडी पानं भरली आनि कामाचं एक न्हाय. चेरी धाडू नगंस. मला ती आवडतच न्हाय, पयल्यापास्नं. पानचट लागती. तितं झाडाखाली तू येक येक तोंडात घालत हुतीस, तुजं त्वांड बघून खाल्ली. दवाखान्यात बी तुला बरं वाटावं म्हून बोलले. हितं ह्यो वाटी घिऊन रडायच्या बेतात बसल्याला, म्हून उचलली. तिखट लागली तवा पुढची खाल्ली. उद्या सोमवार, उद्यापास्नं चटणी सुटतीया, मग कशाला फळाचा खटाटोप? शाळंला सुट्टी पडली की तूच ये. धोंडी समद्या गल्लीत सांगत सुटलीया, माज्या हातानं चिमणी उठली म्हून. तसं हाय बी खरं. पर तिला कळवू नगंस.